छबूबाईच्या पाठीचा फोटो

मी एक्स-रे काढते. नेवाशात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक लहानशी खोली आहे, तिथं गेली एकोणीस वर्षं हेच करतेय. लोक एक्स-रे म्हणत नाहीत, फोटो म्हणतात. मी म्हणते, श्वास धरा. ते धरतात. मी म्हणते, सोडा. ते सोडतात, शर्ट घालतात आणि जातात. फोटोत काय दिसलं ते सांगणं डॉक्टरांचं काम. ‘हेलन, तू बटण दाब, निदान आम्ही करू,’ हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मागच्या गुरुवारी शिंगणापूरचा कल्याण आपल्या बायकोला, रेश्माला, घेऊन आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: वय एकोणतीस, छातीचा एक्स-रे, ऑपरेशनपूर्वी.

“कसलं ऑपरेशन?” मी विचारलं.

“पिशवीचं,” कल्याण म्हणाला. “सोमवारी हाय. डॉक्टर म्हनले, गर्भपिशवी काय अन् बाकीचं काय, समदं एकदमच काढून टाकू. पुन्ना कटकट नको.”

बांधावरचं गवत काढायचं असावं तसं तो बोलत होता. रेश्मा खाली मान घालून उभी. आणि त्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला धरून, दोन पायऱ्या चढल्याचा दम खात उभी होती कल्याणची आई, छबूबाई. वय चोपन्न. बघणारा सत्तर म्हणेल.

रेश्माचा फोटो झाला. कल्याण गाडी काढायला गेला तेवढ्यात छबूबाईनं माझं मनगट धरलं.

“हेलन, उद्या घरी ये. माझ्या पाठीचा फोटो हाय ना, तू काढल्याला, त्यो माझ्या सुनंला वाचून दाखव. मला नीट सांगता येत न्हाई, आन् पोरगं माझं ऐकत न्हाई. सोमवारच्या आत ये.”

तिची बोटं काळी होती. ती काळी का, हे सांगितल्याशिवाय छबूबाई कोण ते कळायचं नाही.

छबूबाई लग्न होऊन शिंगणापुरात आली तेव्हा अठराची होती. नवरा सहादेव पूजेच्या साहित्याचं दुकान लावायचा. तेल, उडीद, काळं कापड आणि रुईच्या पानांच्या माळा. माळा घरी व्हायच्या. सकाळी पाटाच्या कडेनं आणि पडीक रानातून रुईची पानं खुडायची, दुपारी ओवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि छताला टांगलेल्या बांबूवर ओळीनं लटकवायची. रुईचा पांढरा चीक बोटांवर वाळला की काळा पडतो आणि मग कशानं निघत नाही. शुक्रवारी दीडशे माळा, अमावस्येला शनिवार आला तर चारशे. घरात एक गाय होती, तिचं दूध डेअरीला. छबूबाईला कोरा चहा. तोही सगळ्यांचा झाल्यावर.

तिची सासू बनुबाई सोवळ्याची कडक. देवाला जाणारी माळ म्हणजे महिन्याच्या चार दिवसांत छबूबाईनं पानाला हात लावायचा नाही, गाईकडं जायचं नाही, घरात पाऊल टाकायचं नाही. पडवीत गोधडीवर बसायचं. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे जगाला ठाऊक आहे, लोक येऊन फोटो काढतात. पण त्या दार नसलेल्या घराचा उंबरा महिन्यातले चार दिवस तिला ओलांडता येत नव्हता, त्याचा फोटो कुणी काढला नाही. देवानं यातलं काही मागितलं होतं असं मला वाटत नाही. मागितलं असेल तर बनुबाईकडं.

आता यातली खरी मेख ऐका. चार दिवस बाई बाजूला बसली की माळा कमी पडायच्या. बनुबाई चिडायची, सहादेव चिडायचा. सोवळंही हवं आणि माळाही हव्यात. यावर त्या घरानं काय तोड काढली? सोवळं सैल केलं नाही. छबूबाईच्या अंगावरून जरा पांढरं जायला लागलं, ते निमित्त झालं. तालुक्याच्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोटावर हात दाबला आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल. झालं! कॅन्सर म्हटल्यावर कोण प्रश्न विचारतो? तेहतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली, आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही. ‘साफ’ केलं, असा शब्द वापरला होता त्यानं.

कुणाकुणाला हे ऑपरेशन खरंच लागतं, माझ्या मामेबहिणीला लागलं, त्यानं तिचा जीव वाचला. मी त्याबद्दल बोलत नाही. मी माळा कमी पडतात म्हणून केलेल्या ऑपरेशनबद्दल बोलतेय.

आणि संताप कशाचा येतो सांगू? छबूबाई खूश झाली होती. तिनंच मला सांगितलं. “लई बरं वाटलं गं. पडवीत बसनं सुटलं. तिसाच्या तीस दिस माळा ववायला मोकळी.” वर्षभरात अंगातून वाफा यायला लागल्या, झोप गेली, भर थंडीत घाम फुटायचा. बनुबाई म्हणाली, उष्णता आहे, सब्जा खा.

बांबूला हात पुरेनासा झाला तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल. आधी ती टाचा न उचलता माळ अडकवायची. मग टाचा उचलायला लागली. मग पाट घेतला, मग स्टूल. घरच्यांना वाटलं, बांबूची दोरी आखडली. अरे, दोरी कशी आखडेल? बाई आखडत होती! पाठीचे मणके एकेक करून आतून पोकळ होऊन दबत होते, तिचं लुगडं जमिनीवर लोळायला लागलं होतं, आणि घरातली शहाणी माणसं दोरीकडं बघत होती.

दोन हजार बावीसच्या दसऱ्याच्या आसपास तेलाचा डबा उचलताना तिच्या पाठीत कट् झालं. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या टेबलावर आडवी झाली. मी समोरून एक आणि बाजूनं एक फोटो काढला. बाजूच्या फोटोत एक मणका पुढून पार चेपलेला होता, बाकीचेही थोडेथोडे बसलेले. ते मी रोज बघते. पण मणक्यांच्या पुढं, जिथं पोटातली मोठी रक्तवाहिनी असते, तिथं दोन पांढऱ्या रेघा होत्या. भिंतीला चुना फासल्यासारख्या. रक्तवाहिनीच्या आतून चुना धरला होता. असल्या रेघा मी सत्तरीच्या, जन्मभर विड्या ओढलेल्या म्हाताऱ्यांच्या फोटोत बघितल्या होत्या. ही बाई एक्कावन्न वर्षांची, सुपारीचं खांडही न खाणारी.

“मावशी, पाळी कधी गेली तुमची?” मी विचारलं.

“पिशवी काढली न्हवं का. कल्याण पाचवीत हुता.”

मला कळलं. सगळं नाही, पण बरंच. आणि मी मूग गिळून गप्प बसले. फिल्म पाकिटात घालून दिली. रिपोर्ट आला: मणका दबला, हाडं ठिसूळ. औषध: कॅल्शियमच्या गोळ्या, पट्टा, आराम. रेघांबद्दल एक अक्षर नाही. फोटो पाठीचा मागवला होता ना, मग पाठच बघितली!

त्याच महिन्यात, दिवाळीत, सूर्यग्रहण होतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी. मी दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला आणि तिची पाठ कशी आहे ते बघायला गेले होते. घर ग्रहण पाळणारं, आत पाण्याचा थेंब कुणी घेत नव्हतं, पण अंगणात जत्रा भरली होती. कल्याण, शेजारचे चारपाच जण, त्यांच्या बायका. हातोहात एक काळी फिल्म फिरत होती आणि तिच्यातून सगळे मावळतीच्या कुरतडलेल्या सूर्याकडं बघत होते.

ती फिल्म छबूबाईची पाठ होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती कल्याणच्या हातातून ओढून घेतली. आधी ओरडले ते डोळ्यांसाठी, कारण एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघितलं तर डोळे जाऊ शकतात, हे लोकांना सांगून सांगून मी थकलेय. मग ती घराच्या पांढऱ्या भिंतीवर धरली आणि त्या दोन रेघांवर बोट ठेवलं.

“हे बघ. हाडातनं चुना जातोय आणि इथं शिरेत चुना साचलाय. तुझ्या आईला हृदयाच्या डॉक्टरकडं ने.”

कल्याण हसला. “काय बी काय, ताई! हाडातला चुना पळत पळत शिरंत जाईल व्हय? डॉक्टरनी हाडाचं सांगितलंय.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हाडातला चुना उठून तिथं जातो असं मलाही म्हणायचं नव्हतं. दोन्ही दुखणी एकाच घरातली असतात, एक दिसलं की दुसरं शोधावं, एवढंच म्हणायचं होतं. पण मला ते धड सांगता आलं नाही. बटण दाबणारी बाई मी. शेजारी बघत होते. मी फिल्म पाकिटात घालून खुंटीला अडकवली आणि निघून आले. तेव्हा दोन शब्द जास्त बोलले असते तर? हा प्रश्न मी आजतागायत स्वतःला विचारते, आणि मला माझाही राग येतो.

पुढच्या एप्रिलमध्ये, शनिवारी सकाळी, माळा काढताना छबूबाई स्टुलावरून खाली उतरली आणि तिथंच बसली. दोन्ही खांद्यांच्या मधे कळ, खालच्या जबड्यात कळ, घामानं चोळी भिजलेली. घरच्यांनी काय केलं? मणका परत दबला म्हणाले. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून पाठ शेकली. तेल चोळलं. दुखण्याची गोळी दिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हृदयाला रक्त मिळत नव्हतं आणि ही माणसं चार तास पाठ शेकत होती. छातीत दुखतंय असं ती म्हणाली नाही, कारण छातीत दुखतच नव्हतं. बायकांचं बऱ्याचदा असंच असतं. आणि गेले सहा महिने तिला जो दम लागत होता, थकवा येत होता, तोही सगळा हाडांच्या नावावर गेला होता.

उलटी झाली तेव्हा कुठं गाडी बोलावली आणि नगरला नेलं. जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा मेला. आता ती दोन पायऱ्या चढली की थांबते.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुंटीवरची फिल्म घेऊन नगरला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि कोपऱ्यातली तारीख वाचली.

“ही बावीसची फिल्म आहे. तेव्हा हे कुणी बघितलं नाही?”

“सगळ्या गल्लीनं बघितलं,” मी म्हणाले.

मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. अंडाशयातून जे द्रव्य बाईच्या रक्तात येतं, ते फक्त पाळीसाठी नसतं. ते हाडांची राखण करतं आणि रक्तवाहिन्यांचीही. वयानुसार पन्नाशीच्या आसपास ते कमी होतं. तेहतिसाव्या वर्षी अंडाशयंच काढली तर हाडं आणि हृदय दोन्ही एकदम उघड्यावर पडतात. म्हणून कमी वयात अंडाशयं काढलेल्या बाईला पुढं औषधाची आणि तपासण्यांची गरज असते. लहानशा झटक्यानं मणका दबला तर तिचं हृदयही तपासायला हवं. “छबूबाईंना हे कुणी सांगितलं होतं का?” त्यांनी विचारलं.

कोण सांगणार? वीस वर्षं तिला एकच गोष्ट सांगितली गेली होती. माळा कमी पडतात.

म्हणून शुक्रवारी दुपारी मी गाडीला किक मारली आणि शिंगणापूर गाठलं. घरात कल्याण पानांच्या ढिगाशी बसला होता, कपाळाला आठ्या. माळा निम्म्याच झालेल्या. वर बांबू तोच. बनुबाई जाऊन चार वर्षं झाली, तिचं सोवळं मात्र जागच्या जागी. कारण पडवीत, त्याच कोपऱ्यात, गोधडीवर रेश्मा बसलेली होती. चेहरा पांढराफटक.

छबूबाईनं खुंटीवरचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. दार नसलेल्या चौकटीत ऊन होतं, तिथं मी फिल्म धरली. रेश्मा बाहेरून बघत होती, कल्याण आतून. या वेळी मी धड सांगितलं. मणका दाखवला, रेघा दाखवल्या, डॉक्टरबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. “रेश्मा, ही तुझी सासू तेहतीसची होती. तू एकोणतीसची आहेस. तुझी सोनोग्राफी केलीय कुणी? रक्त तपासलंय? औषध देऊन बघितलंय?”

तिनं नुसती मान हलवली. नाही.

“बास झालं, ताई,” कल्याण उठला. “तुमी परधर्माच्या. तुमाला आमच्या घरचं सोवळं काय कळनार? आठ-आठ दिस ही बाहेर बसती. दुकान कुनी चालवायचं?”

लागलं मला ते. माझ्या पणज्यापासून आम्ही याच मातीत राहतोय, आणि एक्स-रे काढायला याच घरानं मला कधी जात विचारली नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात रेश्मा बोलली. पहिल्यांदाच.

“ताई, मलाच काढायचीय पिशवी. मला हितं बसायचं न्हाई. पोरगी आईऽ आईऽ करती, तिला जवळ घेता येत न्हाई. मला ह्यातनं सुटायचंय.”

कल्याणनं माझ्याकडं बघून हात उडवले. बघा, तीच म्हणतेय.

छबूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिचं तोंड असं झालं की मला वाटलं, परत कळ आली. पण कळ नव्हती. वीस वर्षांपूर्वी ती स्वतः हेच बोलली होती, याच कोपऱ्यात बसून. ती वाकली, दोन्ही हातांनी पानांचा ढीग उचलला, सुई-दोरा घेतला, उंबरा ओलांडून पडवीत गेली आणि सगळं रेश्माच्या मांडीवर ओतलं.

“वव,” ती म्हणाली.

“आई!” कल्याण ओरडला. “उद्या शनवार हाय! दिवाला जायच्या माळा त्या!”

“ठावं हाय मला. पस्तीस वर्सं ववल्यात म्या.” छबूबाईचा दम तुटत होता, तरी ती थांबली नाही. “तुजी आजी कडक, तुजा बाप कडक. त्या कडकपनापायी माझी हाडं गेली, काळीज गेलं. हिला पिशवी काढायची न्हाई रं, हिला ह्या कोपऱ्यातनं उठायचंय. मला बी तेवढंच हवं हुतं. तेवढंच! कुनी इचारलं न्हाई मला. वव गं तू.”

रेश्मानं नवऱ्याकडं बघितलं, मग सासूकडं. मग सुईत दोरा ओवला. दोन पानं फाटली. पण माळ झाली. पोरगी कुठून तरी धावत आली आणि आईला जाऊन चिकटली, आणि तिला कुणी मागं ओढलं नाही.

छबूबाईनं माळ घेतली आणि आत आली. स्टूल ओढलं. एक पाय वर ठेवला, चौकट धरून दुसरा ठेवला. हात वर केला. बांबू वीतभर लांब राहिला. ती टाचा उचलायला गेली तशी डगमगली.

“आई, उतर!” कल्याण धावला, तिला दोन्ही हातांनी धरलं.

“माझा हात पुरत न्हाई,” ती म्हणाली. “तू टांग.”

माळ तिच्या हातात, त्याच्या तोंडासमोर. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही. मला वाटलं हा आता माळ उकिरड्यावर फेकतो. पण त्याचा एक हात आईच्या बरगड्यांवर होता, आणि तिचं काळीज कसं फडफडतंय ते त्याला हाताला लागत असणार. त्यानं दुसऱ्या हातानं माळ घेतली आणि बांबूवर अडकवली.

सोमवारी सकाळी रेश्मा नगरच्या डॉक्टरबाईंकडं गेली. कल्याणच घेऊन गेला, तोंड फुगवून. रक्त कमी निघालं, पिशवीत लहानशी गाठ निघाली, गोळ्या चालू झाल्या. बघू, म्हणाल्या. काढायची वेळ आलीच नाही तर उत्तम. आलीच तरी अंडाशयांना हात लावायचा नाही.

मी मात्र त्या सोमवारी माझ्या खोलीत होते. साडेदहाला एक बाई आली, बरोबर तिची जाऊ. कानडगावची की कुठली, मी नीट ऐकलं नाही. चिठ्ठी त्याच दवाखान्याची, रेश्माची जागा रिकामी झाली होती ना. वय बत्तीस. छातीचा एक्स-रे, ऑपरेशनपूर्वी. मी तिला प्लेटसमोर उभं केलं, खांदे पुढं घ्यायला लावले.

“श्वास धरा,” मी म्हणाले. तिनं धरला. मी बटण दाबलं. “सोडा.”

ती पदर सावरून निघायला लागली. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढं ओढली.

“बसा,” मी म्हणाले. “पिशवीबरोबर आणखी काय काय काढणार आहेत, ते तुम्हाला कुणी सांगितलंय का?”